वारशात आलेल्या गोट्या : ओळख आणि मोल

'गोट्या खेळणे' हा शब्दप्रयोग मराठीत रिकामटेकडेपणासाठी वापरतात. कामात ढिलाई दिसली की मुकादम विचारतो, "इथे काय गोट्या खेळायला आलास?" पण ज्या वस्तूचे नाव घेऊन आपण माणसाला हिणवतो, ती वस्तूही कोणीतरी भट्टीच्या धगीपुढे उभे राहून, नगावर मिळणाऱ्या मजुरीसाठी घडवलेली असते. गोटी हे खेळणे खरे. परंतु ते घडवणे हा खेळ नव्हता. गोटी ओळखायची म्हणजे ती घडवणाऱ्या हाताची किंवा यंत्राची खूण ओळखायची. या लेखात सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच.

आमच्यासारख्या संघटनेच्या कार्यकर्त्याकडून श्रोत्यांची अपेक्षा बोनस, संप, कायदे यांवर बोलण्याची असते. मग हा विषय आमच्याकडे आला कसा? सभासद वारला की त्याचे वारस युनियनच्या कचेरीत येतात. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, थकलेला पगार यांचे कागद होतात. आणि मग कोणीतरी हळूच एखादी पत्र्याची पेटी पुढे सरकवते. कोकणातले आणि गोव्यातले हजारो लोक आगबोटींवर खलाशी, आगवाले, भांडारी म्हणून जगभर हिंडले. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोवेकर खलाशांच्या 'कूड' नावाच्या वस्तीघरांत अशा पेट्यांच्या रांगा असत. परदेशी बंदरांतून पोरांसाठी आणलेल्या वस्तूंपैकी कपडे विरले, पत्र्याची खेळणी गंजली; काच मात्र कुजत नाही. म्हणून आजोबांच्या पेटीच्या तळाशी गोट्या सापडतात, आणि वारस दोनच प्रश्न विचारतात : हे काय आहे? आणि याचे काय येईल?

दुसऱ्या प्रश्नाची घाई करू नये. आधी ओळख, मग मोल, हा क्रम उलटला की नुकसान ठरलेले. ओळखीसाठी तीन गोष्टी पाहायच्या : गोटी कशाची आहे, कशी केली आहे, आणि कोठे केली असावी. हत्यारे साधीच लागतात. एक भिंग, पांढरे फडके, फिटरकडे असतो तो व्हर्नियर आणि दुकानदार नोटा तपासतो ती अतिनील किरणांची बत्ती.

प्रथम दगडाच्या गोट्या घेऊ. जर्मनीत बव्हेरियाच्या डोंगराळ भागात आल्मबाख नावाच्या ओढ्यावर इ. स. १६८३ पासूनची गोट्यांची चक्की आहे. उंटर्सबेर्ग डोंगरातील संगमरवराचे तुकडे खाचा असलेल्या दोन तळ्यांमध्ये ठेवायचे आणि पाण्याच्या जोरावर वरची तळी फिरवत राहायची. तुकडे घासून घासून गोल होतात. अकीकाच्या गोट्यांची कथा निराळी. त्या मुख्यतः इडार-ओबरस्टाइन या जर्मन गावांत होत. तेथे पाणचक्कीवर फिरणाऱ्या प्रचंड वालुकाश्माच्या चाकापुढे कारागीर लाकडी घोडीवर पालथा पडे आणि सगळ्या अंगाचा जोर लावून दगड चाकावर दाबून धरी. दिवसचे दिवस पोटावर पडून, ओलीत काम! हाताने घासलेली अकीकाची गोटी उजेडात सावकाश फिरवली की तिच्यावर अगदी बारीक पैलू चमकतात. ते पैलू म्हणजे त्या माणसाने किती वेळा दगड फिरवून धरला त्याची नोंदच होय. काचेच्या नकलेत हे पैलू नसतात. अकीकाचे नाव काढल्यावर आपल्या शेजारच्या गुजरातेतील खंभातची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथील अकीक घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसून सिलिकोसिस होतो, हे आरोग्यतज्ज्ञांनी तपासून नोंदवले आहे. दगड गुळगुळीत होतो, छाती खरखरीत होते.

दुसऱ्या मातीच्या गोट्या. साधी भाजलेली माती, कधी रंगवलेली. अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी १८८० च्या दशकात यांचे मोठे कारखाने निघाले. या गोट्या शंभर वर्षांहून जुन्या असल्या तरी बाजारात त्यांना फारशी किंमत येत नाही, कारण त्या अमाप झाल्या आणि अमाप उरल्या. तपकिरी किंवा निळ्या झिलईच्या, अंगावर वाटोळे डाग असलेल्या मातीच्या गोट्यांना संग्राहक 'बेनिंग्टन' म्हणतात. हे डाग भट्टीत गोट्या एकमेकींना चिकटल्यामुळे पडत. चिनीमातीच्या पांढऱ्या गोट्यांवर बारीक रेघा, वर्तुळे, क्वचित फुले रंगवलेली असतात. रेघांची गोटी सामान्य, फुलाची किंवा चित्राची गोटी दुर्मिळ.

आता काचेकडे येऊ, कारण पेटीत बहुधा तीच असते. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचे गाव आहे. तेथे १५९७ साली काचेची भट्टी उभी राहिली आणि गावाचे गाव काचेवर जगू लागले. १८४० च्या दशकात तेथील ग्राइनर घराण्याच्या कारखान्यात गोट्यांची कात्री निघाली. तिच्या एका पात्याच्या टोकाला वाटी असे, दुसरे पाते धारेचे. कारागीर आधी रंगीत काचेच्या काड्या जुळवी, त्यांवर स्वच्छ काचेचा लेप चढवी, तो तापलेला गोळा ओढून आणि पीळ देऊन त्याची लांब कांडी करी. मग कांडीचे टोक वाटीत धरून फिरवायचे आणि कापायचे. फिरवायचे आणि कापायचे. प्रत्येक कापाला एक गोटी.

या पद्धतीची खूण जन्मभर जात नाही. कांडीपासून जेथे गोटी तोडली तेथे खडबडीत व्रण राहतो. बहुतेक हातगोट्यांना समोरासमोर असे दोन व्रण असतात, आणि आतला रंगीत पीळ एका व्रणापासून दुसऱ्या व्रणापर्यंत जातो. नख फिरवावे, भिंगातून पाहावे. व्रण सापडला की आपल्या हातात माणसाने तोडलेली गोटी आहे असे समजण्यास हरकत नाही. क्वचित पीळ एका टोकाला पोचतच नाही, मध्येच संपतो. ती कांडीच्या पहिल्या किंवा शेवटच्या तुकड्याची गोटी. कारखान्यात ती बिघडलेली ठरली असेल. आज संग्राहक तिच्यामागे धावतात.

हातगोट्यांच्या जाती पोटातील नक्षीवरून ठरतात. पोटात सुतासारख्या धाग्यांची जाळी असेल तर धाग्यांचा रंग पाहावा : पांढरा सर्वांत सामान्य, त्याखालोखाल पिवळा, तांबडा, निळा, हिरवा हे दुर्मिळ. काही गोट्यांत रुंद पट्ट्यांचा गाभा असतो, काहींत एकच सपाट फीत. पृष्ठभागाजवळ रंगांचे ठिपके आणि ओढलेल्या रेघा सर्व गोटीभर पसरल्या असतील तर तिला कांद्याच्या सालीवरून नाव दिले आहे. अभ्रकाचे चंदेरी कण असलेल्या गोट्या निळ्या, हिरव्या, मधाळ रंगांत मिळतात, तांबडी क्वचित. तांब्याच्या बारीक कणांमुळे सोन्यासारखी झळकणारी पट्टी ज्यांत असते त्या 'लुट्झ' गोट्या, आणि त्यांना चांगली मागणी आहे. शेवटची जात म्हणजे स्वच्छ काचेच्या पोटात मातीची छोटी मूर्ती. मूर्तीभोवती हवेचा पातळ पापुद्रा राहतो, म्हणून ती चांदीची वाटते. कुत्रा, मेंढी, पक्षी अशी जनावरे बरीच आढळतात. माणसाची आकृती किंवा आकडा कमी. रंगीत काचेतली मूर्ती किंवा एकाच गोटीत दोन मूर्ती फारच कमी.

येथे नावांविषयी सावध केले पाहिजे. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण गोट्यांच्या नावांना चपखल लागू पडते. काळ्या अपारदर्शक काचेवर रंगीत पट्टे असलेल्या जर्मन गोट्यांना बाजारात 'इंडियन' म्हणतात. त्यांचा हिंदुस्थानशी काही संबंध नाही. 'बेनिंग्टन' नाव अमेरिकेतील एका गावच्या मातीच्या भांड्यांवरून पडले, पण या गोट्या बहुतांशी जर्मनीतून आल्या. निकोलस लुट्झ हा अमेरिकेतील नामांकित काचकारागीर. त्याने लुट्झ गोट्या केल्याचा पुरावा नाही. ज्यांनी खरोखर कांड्या ओढल्या त्यांची नावे राहिली नाहीत आणि ज्याने गोटी केली नाही त्याचे नाव गोटीला चिकटले. कामगार चळवळीतील माणसाला याचे फारसे नवल वाटत नाही.

यंत्राचा काळ विसाव्या शतकाबरोबर सुरू होतो. अ‍ॅक्रनच्या मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन याला १९०५ साली काचेचे गोळे करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. खाचा असलेल्या फिरत्या लाटांमध्ये वितळलेल्या काचेचा थेंब पडतो आणि गडगडत गोल होतो. तरी प्रारंभी काच सळईवर गोळा करून यंत्रावर धरणारा माणूसच असे. सळई फिरवण्याच्या त्याच्या लकबीमुळे अशा गोटीच्या एका टोकाला रंगाचा नऊच्या आकड्यासारखा वळसा आणि दुसऱ्या टोकाला शेपूट दिसते. म्हणजे यंत्राच्या गोटीवरही मनगटाची सही उरली. १९१४ च्या महायुद्धाने जर्मन मालाची अमेरिकेतील आवक तुटली आणि अमेरिकन कारखान्यांना मोकळे रान मिळाले. परंतु युद्धकाळातच इंधनवायूच्या टंचाईने क्रिस्टेन्सनचा कारखाना १९१७ साली बंद पडला. 'अक्रो अ‍ॅगेट' कंपनी १९१४ साली अ‍ॅक्रनहून पश्चिम व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ साली बंद झाली. तिच्या गोट्यांत बूच काढण्याच्या स्क्रूसारखा रंगाचा फिरता पट्टा असतो. इलिनॉयमधील ऑटावा गावच्या पेल्टियर कारखान्याने बेटी बूपसारख्या बारा व्यंगचित्र-पात्रांची चित्रे गोट्यांवर छापली. ओहायोतील केंब्रिज गावची 'क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट' (नाव सारखे, घराणे निराळे) १९२५ पासून १९३३ पर्यंतच चालली. तिच्या भडक ज्वाळांच्या आणि रंगीत शिंतोड्यांच्या गोट्या आज यंत्रगोट्यांत सर्वांत महाग गणल्या जातात.

१९५० च्या सुमारास जपानने पोटात रंगीत पाती असलेली पारदर्शक गोटी अमेरिकेच्या बाजारात आणली. तिला मांजराच्या डोळ्याची गोटी म्हणतात, आणि आपल्याकडे वाण्याच्या बरणीतही हीच जात होती. ती कोट्यवधींनी झाली. तिची किंमत नाममात्र. त्याचप्रमाणे फिकट हिरवट-निळसर साधी गोटी सापडली तर ती सोड्याच्या बाटलीची असण्याचा संभव मोठा. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली पेटंट घेतलेली गोटीच्या बुचाची बाटली आपल्याकडे गोटी सोडा म्हणून घरोघर ठाऊक आहे. अशी गोटी आठवणीसाठी ठेवावी; विक्रीसाठी नव्हे.

ओळख पटली की मोलाकडे वळावे. ते चार गोष्टींवर ठरते : जात, आकार, अवस्था आणि डोळ्यांना वाटणारी शोभा. जातीविषयी वर आलेच. आकार इंचाच्या अपूर्णांकात मोजतात. नेहमीची गोटी पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर. त्याच जातीची हातगोटी दीड-दोन इंचाची असेल तर भाव पुष्कळ चढतो, कारण मोठी कांडी न तडकता थंड करणे अवघड. यंत्रगोटीत मात्र आकाराहून रंगसंगतीला महत्त्व अधिक.

अवस्था ही सर्वांत कठोर कसोटी. खेळताना आदळल्याने पृष्ठभागाखाली अर्धचंद्रासारख्या चिरा पडतात, टवके उडतात, सबंध अंग धूसर होते. मुळातलाच बुडबुडा किंवा वळी हा दोष निराळा. त्याने किंमत तितकी उतरत नाही. निर्दोष गोटी आणि टवका उडालेली गोटी यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून वारसांना आमचे हात जोडून सांगणे आहे की गोट्यांना पॉलिश करू नका. घासून चमकवलेल्या गोटीचा व्रण पुसला जातो, तिच्या अंगाचा मूळ थर जातो आणि जाणता गिऱ्हाईक ती लगेच ओळखतो. कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ फडके, एवढे पुरे. गरम पाणी, आम्ल, नखाने किंवा पात्याने खरवडणे, हे सर्व वर्ज्य. गोट्या एकाच डब्यात खळखळत ठेवू नयेत. अंड्यांच्या पुठ्ठ्यात एकेक ठेवावी.

आता एक गैरसमज. 'जुने ते महाग' हे खरे नाही. एकोणिसाव्या शतकातील मातीची गोटी चार आण्याच्या मोलाची, आणि १९३० च्या सुमाराची एखादी अमेरिकन यंत्रगोटी तिच्या हजारपट मोलाची असू शकते. श्रम जास्त म्हणून किंमत जास्त, हेही बाजार मानत नाही. पोटावर पडून घासलेली अकीकाची गोटी कितीतरी यंत्रगोट्यांहून स्वस्त जाते. किती शिल्लक आहेत आणि किती जणांना हव्या आहेत, एवढेच बाजार विचारतो. बाजाराचा हा स्वभाव आवडो वा न आवडो, विकायला बसणाऱ्याने तो ओळखून असले पाहिजे.

नकलांचेही भान ठेवावे. आजही अनेक काचकारागीर जुन्या पद्धतीने सुंदर गोट्या करतात. प्रामाणिक कारागीर व्रणापाशी स्वतःची सही किंवा आद्याक्षरे कोरतो. कोणी ती घासून टाकली तर नवी गोटी जुनी म्हणून खपते. व्यंगचित्रांच्या गोट्यांच्याही नकला निघाल्या आहेत. पिवळसर-हिरवी गोटी अतिनील बत्तीखाली लख्ख हिरवी उजळली तर तिच्या काचेत युरेनियम आहे असे समजावे. पण ही काचेची ओळख झाली, वयाचा दाखला नव्हे. मूळ खोका असेल तर तो मुळीच फेकू नये. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा अमेरिकेचा जकात कायदा १८९० साली झाला. त्यामुळे खोक्यावरील एक शब्दही काळ ठरवायला मदत करतो, आणि खोक्यासह संचाचे मोल वाढते.

एक अनुभव सांगतो. आमच्या एका दिवंगत सभासदाच्या घरी त्याच्या वडिलांची, म्हणजे बोटीवरच्या आगवाल्याची, पेटी होती. दोन भाऊ आणि एक बहीण असे वारस. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सगळ्या डब्याचे मिळून पाचशे रुपये देऊ केले होते, आणि भाऊ तयार झाले होते. बहीण म्हणाली, "दादा, आधी युनियनमध्ये दाखवू या." आम्ही सतरंजीवर पांढरी चादर अंथरली आणि तिघांना निवडायला बसवले. धान्य निवडतात तसे. शंभराहून अधिक गोट्या मांजराच्या डोळ्याच्या आणि सोड्याच्या निघाल्या. वीसेक जुन्या अमेरिकन यंत्रगोट्या. सहा गोट्यांना मात्र दोन दोन व्रण होते, आणि एकीच्या पोटात बसलेला कुत्रा. कुत्र्याच्या गोटीला चीर होती, त्यामुळे घबाड हाती लागले असे काही नाही. पण दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे सांगितलेला भाव पाहता व्यापाऱ्याच्या रकमेत त्या सहा गोट्यांतल्या दोनही आल्या नसत्या. तिघांनी सहा गोट्या वाटून घेतल्या, यंत्रगोट्या विकल्या, आणि कुत्रा आईजवळ राहिला.

या अनुभवातून निघणारे नियम थोडक्यात असे. पहिला : घेणाऱ्यानेच किंमत ठरवायची आणि देणाऱ्याने मान हलवायची, हा व्यवहार नव्हे. मजुरीत जे आपण चालू देत नाही ते येथेही चालू देऊ नये. मोल सांगणारा आणि विकत घेणारा वेगळे असावेत. दुसरा : डब्यावर भाव करू नये, निवड करून, मोजून, प्रत्येक चांगल्या गोटीचे व्रणासह छायाचित्र घेऊन यादी करावी. तिसरा : विक्रेते मागतात तो भाव पाहू नये, लिलावात प्रत्यक्ष विकली गेली तो भाव पाहावा, आणि तोही त्याच जातीचा, आकाराचा व अवस्थेचा. चौथा : लिलावगृहाला माल देताना दलाली, विमा आणि न विकल्यास परतीचा खर्च लेखी घ्यावा. पाचवा : आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू परवानगीवाचून परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून जुनी हातगोटी टपालाने बाहेर धाडण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे चौकशी करावी.

आणि शेवटचा नियम हिशेबाचा नव्हे, पण आम्ही तो प्रत्येक वारसाला सांगतो. डब्यात एक चिठ्ठी ठेवावी. गोट्या कोणी आणल्या, तो कोणत्या बोटीवर होता, कोणत्या साली, कोणासाठी आणल्या, जे ठाऊक असेल ते लिहावे आणि खाली तारीख घालावी. लाउशाच्या भट्टीवर कांडी ओढणाऱ्याचे नाव आपल्याला कळणार नाही. ती गोटी बोटीच्या बॉयलरपुढे राबून घरी आणणाऱ्याचे नाव तरी पुढच्या पिढीला कळावे. त्या चिठ्ठीने भाव वाढतो की नाही हा प्रश्न बाजाराचा. ती लिहिणे हे घरच्यांचे काम आहे, आणि ते माहीत असलेली माणसे हयात आहेत तोवरच उरकायला हवे.